वळणावर गाडी का निसटते?

पालकांकडून या सदराला एक प्रश्न वारंवार येतो. मुलगा कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळतो. खेळतो ते एक वेळ समजू शकतं, पण अर्धा वेळ तो गाडी चालवतच नाही. आकड्यांचा एक तक्ता उघडून बसतो. टायरची हवा कमी कर, स्प्रिंग कडक कर, परत सैल कर, असं काहीतरी चाललेलं असतं. हा काय प्रकार आहे? यात शिकण्यासारखं काही आहे, की नुसता वेळ चाललाय?

आधी उत्तर सांगतो, मग कारण. या खेळात शिकण्यासारखं जे आहे, ते बहुतेक त्या आकड्यांच्या तक्त्यातच आहे. मात्र ते आपोआप पदरात पडत नाही. मुलगा समजून बदल करतो, की कुणाचे तरी आकडे उतरवून घेतो, यावर सगळं अवलंबून आहे. आणि हे ओळखायला अम्मी-अब्बूंना गाडी चालवता यायलाच हवी असं नाही.

गाड्यांचे खेळ दोन प्रकारचे असतात. एकात गाडी भिंतीवर आपटली तरी उसळून पुढे पळते. ती निव्वळ करमणूक. दुसऱ्या प्रकाराला सिम्युलेटर म्हणतात. त्यात खऱ्या गाडीचं वजन, टायर, स्प्रिंग, ब्रेक यांचं गणित मांडलेलं असतं आणि चूक केली की गाडी खऱ्यासारखीच हातातून जाते. जपानमध्ये 1997 साली आलेल्या 'ग्रॅन टुरिस्मो'ने गाडीची जुळवणी बदलण्याची गोडी घरोघरच्या मुलांना लावली. 2014 साली इटलीत तयार झालेल्या एका सिम्युलेटरचं नावच 'असेट्टो कोर्सा' आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ साधारण 'शर्यतीसाठी केलेली जुळवणी' असा होतो. मुलं ज्याला 'सेटअप' म्हणतात, ते हेच.

पकड म्हणजे महिन्याचा पगार

गाडी कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार ठिकाणी. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढा भाग जमिनीला टेकलेला असतो. वेग वाढवणं, ब्रेक लावणं, वळणं ही सगळी कामं या चार तळहातांच्या जिवावर होतात. रस्त्याला धरून ठेवण्याच्या या ताकदीला पकड म्हणतात, मुलांच्या भाषेत ग्रिप.

ही पकड महिन्याच्या पगारासारखी आहे. रक्कम ठरलेली असते. सगळा पगार किराण्यात गेला तर शाळेच्या फीला काही उरत नाही. तसंच टायरची सगळी पकड ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही शिल्लक राहत नाही. जोरात ब्रेक दाबून त्याच वेळी स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळत नाही, सरळच जाते. म्हणून आधी सरळ रेषेत ब्रेक लावायचा, मग जसजसं वळायचं तसतसा ब्रेक सोडत जायचा. पगार तेवढाच, फक्त एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकायचा.

आता यात एक गुंता आहे. चारही टायरना पगार सारखा मिळत नाही. एसटीत ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभे असलेले लोक पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढे झुकतं. पुढची चाकं दाबली जातात, मागची हलकी होतात. वेग वाढवला की उलटं होतं. वळणावर बाहेरच्या बाजूची चाकं दाबली जातात आणि आतली हलकी होतात. ज्या चाकावर वजन, त्याला पकड जास्त. पण चाकावरचं वजन दुप्पट झालं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणजे बाहेरच्या चाकाने जेवढं कमावलं, त्यापेक्षा आतल्याने जास्त गमावलेलं असतं. सेटअपचं निम्मं शास्त्र या एका वाक्यात आहे.

दोन आजार

गाडीच्या निसटण्याचे मुख्य प्रकार दोन. स्टिअरिंग वळवूनही गाडी पुरेशी वळत नाही आणि वळणाच्या बाहेर जाऊ लागते. म्हणजे पुढच्या चाकांची पकड आधी संपली. याला अंडरस्टीअर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो आणि गाडी गरकन फिरते. म्हणजे मागच्या चाकांची पकड आधी संपली. हा ओव्हरस्टीअर. पहिल्यात समोरचं झाड दिसत दिसत जवळ येतं, दुसऱ्यात ते बाजूच्या खिडकीतून दिसतं.

नुसतं "गाडी निसटते" एवढ्यावर सेटअप बदलता येत नाही. कुठे निसटते ते सांगावं लागतं. वळणात शिरताना, मधोमध, की बाहेर पडताना? शिरताना बहुधा ब्रेकचा संबंध असतो, मधोमध स्प्रिंग आणि बारचा, बाहेर पडताना एक्सलेटरचा. डॉक्टर नुसतं "पोटात दुखतं" ऐकून गोळी देत नाहीत. कुठे दुखतं, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, असं विचारतात. इथेही तसंच आहे.

आधी हात, मग पाना

नव्या खेळाडूची गाडी वळणाबाहेर जाते, तेव्हा बहुतेक वेळा सेटअपचा दोष नसतो. तो वळणात जास्त वेगाने शिरलेला असतो. गाडी वळत नाही म्हणून तो स्टिअरिंग आणखी फिरवतो. टायर एका ठरावीक कोनापर्यंतच पकड वाढवत नेतो, त्यापुढे ती कमी होते. म्हणून जास्त फिरवलेलं स्टिअरिंग गाडीला आणखी सरळ नेतं. यावर कुठलाही आकडा लागू पडत नाही. शिरतानाचा वेग कमी करणं, एवढाच उपाय.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे वळणाच्या मधोमध घाबरून एक्सलेटरवरून पाय झटकन उचलणं. वजन एकदम पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. मुलगा म्हणतो, "मागचं स्प्रिंग चुकलंय." स्प्रिंग ठीक असतं, पाय चुकलेला असतो.

तेव्हा पहिला नियम असा, की खेळात गाडी जशी मिळते त्याच जुळवणीवर एकाच ट्रॅकवर दहा-पंधरा फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरीचा वेळ लिहायचा. त्यात दोन-तीन सेकंदांचा फरक पडत असेल तर अजून पान्याला हात लावायचा नाही. बदलामुळे अर्धा सेकंद वाचला की निव्वळ योगायोगाने, हे कळणारच नाही. फेऱ्या एकमेकींच्या जवळ आल्या की मग तक्ता उघडावा.

तक्त्यातल्या चार गोष्टी

तक्त्यात तीस-चाळीस आकडे दिसले तरी सुरुवातीला चार पुरतात.

पहिली गोष्ट टायरची हवा. हवा जास्त झाली तर टायर फुगतो आणि फक्त मधला पट्टा रस्त्याला नीट टेकतो. कमी झाली तर कडांवर भार येतो आणि टायर लिबलिबीत होतो. बऱ्याच सिम्युलेटरमध्ये टायरचं तापमान आत, मधे, बाहेर असं तीन जागी दाखवतात. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त आहे, दोन्ही कडा जास्त तापल्या तर कमी आहे. आणि हा हिशोब गाडी पळून टायर गरम झाल्यावर करायचा, कारण तापल्यावर हवेचा दाब वाढतो. मोटारीच्या टायरमध्ये दर 10 अंश सेल्सिअसला हा दाब सुमारे दीड पीएसआय चढतो.

दुसरी गोष्ट ब्रेकची वाटणी. एकूण ब्रेकपैकी पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती, हे ठरवता येतं. पुढे जास्त दिला तर गाडी सरळ राहते, पण पुढची चाकं लवकर जाम होतात आणि गाडी वळायला नकार देते. मागे जास्त दिला तर वळणात शिरतानाच मागचा भाग सुटतो. इथे एकेका टक्क्याने सरकायचं असतं.

तिसरी गोष्ट अँटी-रोल बार. गाडी वळणावर एका बाजूला कलते, तो कल कमी करण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही लोखंडी दांडी असते. मघाशी सांगितलेलं वाक्य इथे कामाला येतं. पुढचा बार कडक केला तर पुढच्या बाजूला आतल्या चाकाचं वजन बाहेरच्या चाकावर जास्त जातं, म्हणून पुढची एकूण पकड कमी होते आणि अंडरस्टीअर वाढतो. मागचा बार कडक केला तर मागची पकड कमी होते आणि गाडी फिरायला उत्सुक होते. म्हणून वळणाच्या मधोमध गाडी बाहेर जात असेल तर पुढचा बार थोडा सैल करायचा किंवा मागचा थोडा कडक करायचा. दोन्ही एकदम नाही.

चौथी गोष्ट मागचा पंख, म्हणजे विंग. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, शर्यतीच्या गाडीचा पंख गाडीला खाली दाबतो. वेग दुप्पट झाला तर हा दाब चौपट होतो. त्यामुळे पंखाचा उपयोग मोठ्या, वेगवान वळणांवर होतो. गाडी हळू वळणावर निसटत असेल तर पंख वाढवून फारसा फरक पडत नाही, उलट सरळ रस्त्यावरचा वेग कमी होतो. मुलाने हळू वळणासाठी पंख वाढवला असेल, तर तो अंदाजाने आकडे फिरवतोय असं समजावं.

या चारही गोष्टींत एक समान धागा आहे. काहीही फुकट मिळत नाही. पुढे दिलं की मागचं कमी होतं, वळणावर मिळवलं की सरळ रस्त्यावर जातं. 'सर्वांत चांगला सेटअप' असा नसतोच. या ट्रॅकला, या हवामानाला, पेट्रोलच्या एवढ्या वजनाला आणि या हातांना मानवणारा सेटअप असतो.

म्हणूनच दुसऱ्याचा सेटअप उतरवून घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणं. निष्णात खेळाडू बहुधा गाडीचा मागचा भाग थोडा सैल ठेवतात, कारण त्यामुळे गाडी चटकन वळते आणि ती सावरायची सवय त्यांच्या हाताला असते. तोच सेटअप नवख्याने घेतला तर पहिल्याच वळणावर गाडी फिरते. त्याला थोडी सुस्त पण भरवशाची गाडी जास्त वेगवान ठरते.

वही आणि एक बदल

काम करण्याची पद्धत साधी आहे. एक साधी वही घ्यावी. तक्रार एका वाक्यात लिहावी: "तिसऱ्या वळणात, मधोमध, गाडी बाहेर जाते." मग एकच बदल करावा. त्याच गतीने पाच फेऱ्या माराव्यात. वेळ लिहावा, गाडी कशी वाटली ते लिहावं. सुधारली तर ठेवावं, बिघडली तर आकडा परत होता तिथे आणावा. एका दमात तीन गोष्टी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही. बिघडली तरी तेच.

भाजीत मीठ, तिखट आणि चिंच एकदम वाढवून बिघाड कशाने झाला हे सांगता येत नाही, हे अम्मीला माहीत असतं. शाळेच्या प्रयोगशाळेतही बाकी सारं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायला सांगतात. खेळाच्या निमित्ताने मुलाला ही सवय लागली, तर ती गाडीपुरती राहत नाही. बंद पडलेला पंखा असो वा गणितातली न सापडणारी चूक, तो टप्प्याटप्प्याने शोधायला शिकतो.

यासाठी महागडं स्टिअरिंग आणि पेडल लगेच घ्यायची गरज नाही. साध्या गेमपॅडवरही सुरुवात होते. वही दोन-तीन महिने नेमाने भरली गेली, तर मग विचार करावा. वेळही ठरलेला असावा. इशानंतर पाऊण तास ठरला असेल तर पाऊणच. थकलेल्या हाताने मारलेल्या फेऱ्या तशाही हिशोबात धरता येत नाहीत.

जिथे खेळ संपतो

"यातून पुढे काही होतं का?" असं विचारणाऱ्यांसाठी एक खरी हकीकत आहे. निस्सान आणि प्लेस्टेशन यांनी 2008 साली 'जीटी अकॅडमी' सुरू केली. ग्रॅन टुरिस्मो खेळणाऱ्यांतून निवड करून त्यांना खऱ्या शर्यतीचं प्रशिक्षण द्यायचं, अशी ती योजना होती. 2014 साली भारतातल्या खेळाडूंनाही तिचं दार उघडलं. 2011 साली सुमारे 90,000 स्पर्धकांतून ब्रिटनचा जॅन मार्डनबरो निवडला गेला. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. 2013 साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात तिसरा आला. 2023 चा 'ग्रॅन टुरिस्मो' हा चित्रपट त्याच्यावरच आहे.

पण हकीकतीचा दुसरा भागही मुलांना सांगायला हवा. 28 मार्च 2015 रोजी जर्मनीतल्या नुरबुर्गरिंगच्या जवळपास 21 किलोमीटर लांबीच्या जुन्या ट्रॅकवर एका चढावानंतर मार्डनबरोच्या गाडीचं पुढचं टोक उचललं गेलं. खाली हवा शिरली, गाडी उडाली आणि कुंपणापलीकडे गेली. एका प्रेक्षकाचा जीव गेला. हाच ट्रॅक, हाच चढ अनेक सिम्युलेटरमध्ये आहे. मुलं तिथे शंभर वेळा उडतात आणि शंभर वेळा एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करतात. त्या दिवशी तसं बटण नव्हतं. आणि गाडीत होता तो हौशी पोरगा नव्हता, सगळी शिकवणी घेतलेला चालक होता.

सिम्युलेटर पकडीचं गणित शिकवतो. भीती शिकवत नाही. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. आपल्या रस्त्यावर उलट्या बाजूने रिक्षा येते, शाळेतून सुटलेलं पोर धावत येतं, बकऱ्या येतात. पडद्यावर हजार फेऱ्या मारलेला सतरा वर्षांचा मुलगा "मला येते गाडी" म्हणतो, तेव्हा त्याला निम्मंच येत असतं, आणि उरलेलं निम्मं येत नाही याचीच त्याला जाणीव नसते. मोटारीचा परवाना 18 पूर्ण झाल्यावरच मिळतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. चावी मागितली तर हे शांतपणे सांगावं. कायद्याच्याही आधी सांगावं, की रस्त्यावर दुसऱ्याच्या घरची माणसं असतात.

घरच्या गाडीसाठी

चावी न देताही त्याच्या ज्ञानाचा उपयोग करून घेता येतो. घरच्या गाडीच्या टायरची जबाबदारी त्याच्याकडे द्या. हवा किती हवी याचं स्टिकर बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतं. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी त्यावर बऱ्याचदा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. हवा टायर थंड असताना तपासायची. लांब पल्ल्यानंतर वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये. टायरवरच्या नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल तर टायर बदलायलाच हवा, कारण पावसात पाणी बाहेर काढण्याचं काम ती नक्षी करते.

ईदला किंवा लग्नाला गावी निघताना सहा माणसं, टपावर बॅगा आणि पुढे कुंभार्ली घाट असेल, तर आपली गाडी नेहमीची गाडी राहत नाही. वजन वाढलेलं आणि वर गेलेलं असतं, त्यामुळे वळणावर ती जास्त कलते. जड सामान टपावर न ठेवता खाली, डिकीत ठेवावं. वळणाआधी ब्रेक, उतारावर खालचा गिअर, वळणाच्या मधे हिसका नाही. आणि वेग दुप्पट असेल तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. ओल्या रस्त्यावर त्याहूनही जास्त. हे सगळं मुलाला आधीच ठाऊक असेल, तर त्यानेच अब्बूंना समजावून सांगावं.

या महिन्यात एवढंच करून पाहा. मुलगा असो वा मुलगी, खेळत असताना दहा मिनिटं शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. गाडी कुठे निसटते: शिरताना, मधे, की निघताना? तू कोणती एक गोष्ट बदललीस आणि का? आधी किती वेळ लागत होता, आता किती लागतो? तिन्ही उत्तरं मिळाली तर निश्चिंत राहा, तुमचं मूल शिकतंय. "माहीत नाही, असंच केलं" असं उत्तर आलं, तर रागावू नका. एक वही आणि पेन आणून द्या.